डिस्क जाणारच, हे धरून चालणारी पेटी

२००८ सालच्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरनं कॅमेऱ्यासमोर एक विचित्र प्रयोग करून दाखवला. तो तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होता. डेटा सेंटरमधल्या डिस्कनी खच्चून भरलेल्या रॅकपाशी तो गेला, तोंड अगदी डिस्कजवळ नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला. डिस्कला उत्तर द्यायला किती वेळ लागतोय, याचा आलेख स्क्रीनवर सरकत होता. ओरडल्याबरोबर त्या आलेखानं टुणकन उडी मारली. नुसत्या माणसाच्या आवाजानं डिस्क गडबडल्या होत्या.

यात हातचलाखी काही नव्हती. हार्ड डिस्कच्या पोटात काय चाललेलं असतं हे एकदा समजलं, की आवाजानं ती गडबडते याचं नवल वाटेनासं होतं. एरवी ती सुरळीत चालते कशी, याचं वाटू लागतं.

ऑफिसात वापरतात त्या साडेतीन इंची डिस्कमध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. चकतीच्या कडेचा बिंदू ताशी जवळजवळ १३० किलोमीटर वेगानं पळत असतो. या पळत्या पृष्ठभागावर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगतं आणि दोहोंमधली फट १० नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. एवढ्याशा फटीतही हेडचं अंतर कमीजास्त करता यावं म्हणून त्याच्या टोकाशी सूक्ष्म हीटर असतो. तो तापला की टोक किंचित प्रसरण पावतं आणि चकतीच्या आणखी जवळ जातं. खाली एकेका बिटच्या वाट्याला जी जागा येते, ती लांबी-रुंदीला सरासरी पंचवीसेक नॅनोमीटरची. ग्रेग ओरडला तेव्हा त्या थरथरीनं हेड आपल्या रेषेवरून ढळलं. ते पुन्हा जागेवर येईपर्यंत चकतीवरचा हवा असलेला भाग पुढे निघून जातो आणि तो परत खाली येईपर्यंत एक अख्खा फेरा, म्हणजे आठेक मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. आलेखातली उडी ती हीच.

१९५६ मध्ये आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि मावायचं ते ४ मेगाबाइटपेक्षाही कमी. चांगल्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तिच्यात बसला नसता. तिथून आजच्या हातात मावणाऱ्या २० टेराबाइटच्या डिस्कपर्यंतच्या प्रवासात पदार्थविज्ञानानं मोठा हात दिला. आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकच गोष्ट पाहिली: चुंबकीय धातूंचे काही अणूंइतके पातळ थर एकमेकांवर रचले, तर चुंबकीय क्षेत्रानं त्यांचा विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलतो. नऊ वर्षांत हा शोध डिस्कच्या हेडमध्ये जाऊन बसला आणि २००७ मध्ये दोघांना त्यासाठी नोबेल मिळालं. २०१३ पासून मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरलेला मिळू लागला. तो हवेपेक्षा सातपट विरळ. त्यामुळे चकत्यांना अडथळा कमी होतो आणि तेवढ्याच उंचीच्या डब्यात जास्त चकत्या बसतात.

अशी ही नाजूक वस्तू रात्रंदिवस फिरत राहणार आणि एक दिवस ती जाणार. आठ-दहा माणसांच्या ऑफिससाठी नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायची नेटवर्कवरची पेटी, घ्यायचं ठरतं तेव्हा हमखास पहिला प्रश्न येतो, ‘किती टीबीचा घ्यायचा?’ खरं तर तो शेवटी विचारायचा. आधी ठरवायचं ते हे, की आतली डिस्क जाईल तेव्हा आपलं काम कसं चालू राहील. नॅसची सगळी करामत याच एका गोष्टीत आहे: भरवसा ठेवू नये अशा भागांपासून भरवसा ठेवावा अशी वस्तू बनवणं.

एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. कामाच्या फाइली कुठे असतात? काही सरांच्या लॅपटॉपवर, काही आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाच्या पेन ड्राइव्हमध्ये, काही व्हॉट्सॲपवर. ताळेबंदाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हीच फायनल’ अशा तीन प्रती, तिन्ही वेगवेगळ्या. नॅस म्हणजे या सगळ्यांसाठी एकच जागा. बाहेरून बिनस्क्रीनची, बिनकीबोर्डची पेटी; आत दोन, चार किंवा आठ डिस्कचे खण, छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बहुतेक वेळा लिनक्सवर बेतलेली प्रणाली. नेटवर्कची केबल जोडली की प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ती नेहमीच्या फोल्डरसारखी दिसते. कोणी काय पाहायचं, कोणी बदलायचं, पगाराचं फोल्डर कोणाला उघडावं, हे एकाच ठिकाणी ठरवता येतं.

आता ती करामत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एक शोधनिबंध मांडला. तेव्हा मोठ्या कॉम्प्युटरसाठी एकच भलीमोठी, महागडी डिस्क घ्यायची रीत होती. या तिघांचं म्हणणं, पीसीच्या स्वस्त छोट्या डिस्कचा ताफा उभा करा. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी जाण्याची शक्यताही जास्त. म्हणून ताफ्यात थोडी जादा माहिती साठवा, म्हणजे एक गेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर काढता येईल. या पद्धतीला त्यांनी दिलेलं रेड हे नाव आज प्रत्येक नॅसच्या माहितीपत्रकावर असतं.

तीन शाखांची रोजची विक्री आणि शेजारी तिची बेरीज अशी वही असेल, तर एका शाखेचा आकडा पुसला गेला तरी बेरजेतून बाकीचे वजा करून तो परत मिळतो. डिस्कमध्ये हेच चालतं, फक्त बेरीज निराळी: दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. समजा पहिल्या डिस्कवर १०११ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ०११०. एकाखाली एक धरून पाहिलं, तर तिसऱ्या डिस्कवर ११०१ जातं: पहिली जोडी वेगळी, दुसरी वेगळी, तिसरी सारखी, चौथी वेगळी. आता दुसरी डिस्क उडाली. पहिलीवरचे १०११ आणि तिसरीवरचे ११०१ घेऊन तोच नियम लावा: सारखे, वेगळे, वेगळे, सारखे. म्हणजे ०११०. गेलेली डिस्क अक्षरशः परत आली. वजाबाकीची गरजच पडली नाही, कारण या गणितात बेरीज आणि वजाबाकी एकच असतात. डिस्क चार असोत वा आठ, नियम हाच. रेड ५ याच नियमावर चालतो.

दोन डिस्क एकदम गेल्या तर? एका बेरजेतून दोन अज्ञात आकडे निघत नाहीत, हे शाळेतलं बीजगणित. दुसरं समीकरण हवं आणि ते पहिल्यापेक्षा खरोखर वेगळं हवं. ते मिळतं एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाच्या गणितातून. १८३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो द्वंद्वयुद्धात मेला. त्याआधी त्यानं मर्यादित संख्यांच्या जगाचा अभ्यास करून ठेवला होता. अशा एका जगात फक्त २५६ संख्या असतात. त्यांची बेरीज करा, गुणाकार करा, उत्तर त्या २५६ मध्येच सापडतं आणि शून्य सोडून कशानंही भागलं तर भागाकार नेमका येतो. एका बाइटमध्ये मावतात त्याही बरोबर २५६ संख्या. या जगातल्या गुणाकारांवरून अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये चुका दुरुस्त करणारी पद्धत बांधली आणि दोन डिस्क गेल्या तरी तगणाऱ्या रेड ६ मधली दुसरी बेरीज साधारण याच घराण्यातली असते. चहाच्या टपरीवर पैसे देताना स्कॅन करतो तो क्यूआर कोड आठवा. कोपरा फाटलाय, वर चहाचे डाग पडलेत, तरी पैसे जातात. तिथेही रीड-सॉलोमनच राबत असतं; क्यूआरच्या सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो.

दुकानात गेल्यावर या गणिताचं रूपांतर खणांच्या हिशेबात होतं. दोन खणांच्या पेटीत दोन्ही डिस्कवर एकच मजकूर लिहितात; ८ टेराबाइटच्या दोन घेतल्या तर वापरायला ८ मिळतात. चार खणांत ८ च्या चार डिस्क टाकल्या, तर रेड ५ मध्ये २४ आणि रेड ६ मध्ये १६. वरवर पाहता रेड ६ घाट्याचा सौदा. पण एक डिस्क गेल्यावर पुढचे काही तास कसे जातात ते पाहा. नवी डिस्क घातली की तिचा मजकूर नव्यानं रचण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला, तर ८ टेराबाइटला जवळजवळ १५ तास. ऑफिसचं काम चालू असेल तर त्याहून जास्त. या काळात रेड ५ ला कसलंही संरक्षण नसतं. साध्या डिस्कचे उत्पादक साधारणपणे सांगतात, की १०० लाख कोटी बिट वाचताना एखादा न वाचता येण्याची शक्यता धरून चाला. हे म्हणजे साडेबारा टेराबाइट, आणि इथे वाचायचे आहेत २४. ही हमीची मर्यादा झाली, प्रत्यक्षात डिस्क याहून पुष्कळ बऱ्या वागतात. तरीही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या चार डिस्क एकाच खोलीत सारख्याच तापत राहिल्या, तर त्यांचं आयुष्यही एकत्र संपत येऊ शकतं. म्हणून मोठ्या डिस्क असतील तर रेड ६ बरा, आणि शक्य असेल तर डिस्क वेगवेगळ्या लॉटमधल्या घ्याव्यात.

डिस्क घेतानाही एक मेख आहे. काही डिस्क जागा वाचवण्यासाठी चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात. वाचायला अडचण नाही. पण मधला एक पट्टा बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि नवी डिस्क भरताना ही रडतखडत चालते. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलमध्ये असे चढते पट्टे ग्राहकांना न सांगता वापरल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ उठला. तेव्हा लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, मॉडेल नंबर पाहून ‘सीएमआर’, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, आहे ना, हे विचारा. नॅससाठीची डिस्क आणखी एका बाबतीत शहाणी असते: एखादा भाग वाचता आला नाही तर ती मिनिट-मिनिट झटत बसत नाही, काही सेकंदांत ‘जमत नाही’ सांगते आणि पेटी दुसऱ्या डिस्कवरून तो भाग रचून घेते.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ऑफिसात सर्रास असलेली गिगाबिट केबल सेकंदाला फार तर ११० मेगाबाइटच्या आसपास वाहून नेते. एक चांगली डिस्क एकटी याहून वेगवान असते, म्हणजे अडतं ते केबलपाशी. कागदपत्रांच्या ऑफिसला तेवढं पुरतं. पण लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांचं वेगळं. सेकंदाला १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ तासाला ४५ गिगाबाइट खातो. तीन कॅमेरे, सहा तास, म्हणजे एका लग्नाचे ८०० च्या पुढे. तिथे अडीच किंवा दहा गिगाबिटचं पोर्ट हवं आणि तेवढाच वेग स्विचमध्येही हवा, नाहीतर पेटीवरचा खर्च फुकट. अकाउंटिंगचं दुखणं याच्या उलट. सहाजण एकाच वेळी टॅलीत काम करतात तेव्हा डिस्कला हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून आणावे लागतात. हेड हलवून, चकती फिरण्याची वाट पाहून, एका तुकड्याला १२ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला कसेबसे ८० तुकडे होतात. हलणारा भागच नसलेला एसएसडी हेच काम हजारोंच्या हिशेबात करतो. अशा ऑफिसनं मोठ्या डिस्कऐवजी लहान एसएसडीवर पैसे घालावेत.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते, पण ती ठळक हवी: फाइल सिस्टिम. डिस्क कधी कधी मरत नाही, चुकीचं सांगते. एखादा बिट उलटतो आणि डिस्क तो बिनदिक्कत खरा म्हणून देते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या झेडएफएसनं आणि पुढे लिनक्सवरच्या बीटीआरएफएसनं यावर उपाय केला. प्रत्येक तुकड्याची गणिती खूण वेगळ्या जागी ठेवायची. वाचताना खूण जुळली नाही, तर दुसऱ्या प्रतीवरून तो दुरुस्त करायचा. शिवाय या प्रणाली जुन्या मजकुरावर नवा लिहीतच नाहीत. नवा दुसरीकडे लिहितात आणि मग पत्ता बदलतात. त्यामुळे ‘काल संध्याकाळी सहा वाजता सगळं कसं होतं’ हे चित्र जपायला वेळ लागत नाही आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ लागत नाही. याला स्नॅपशॉट म्हणतात. आर्टिकलनं चुकून ताळेबंदावर दुसरीच फाइल चढवली, तर कालची दोन मिनिटांत परत मिळते. ही सोय नसलेली पेटी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

इथवर गणितानं बरंच सांभाळलं. ज्याच्यापुढे ते हात टेकतं, तेही पाहू. कोणी फोल्डर डिलीट केलं, की पेटी ते सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे डिलीट करते. कोणाच्या ईमेलमधून रॅन्समवेअर शिरलं आणि त्यानं फाइलींना कुलूप घातलं, तर रेड त्या कुलूपबंद फाइलींचीही चोख बेरीज करून ठेवतो. आग, चोरी, पाणी यांना डिस्क किती आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तळमजल्यावरच्या पेटीला रेड ५ असता काय आणि ६ असता काय. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम ध्यानात ठेवायला सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. एक नॅस ऑफिसात, एक मोठी यूएसबी डिस्क कामापुरती जोडून काढून ठेवलेली, आणि एक प्रत भागीदाराच्या घरच्या छोट्या नॅसवर किंवा क्लाउडवर. कंपन्यांच्या बाबतीत तर आता कायदाच आहे: हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा.

दोन बारक्या गोष्टी राहिल्या. पेटीला यूपीएस हवा, आणि त्याची यूएसबीची तार पेटीला जोडलेली हवी. वीज गेली की यूपीएस तसं कळवतो आणि बॅटरी संपण्याआधी पेटी चालू लिखाण पुरं करून स्वतः बंद होते. नुसता यूपीएस ठेवून तार खोक्यातच राहिलेली अनेक ऑफिसं सापडतील. दुसरं, घरून फाइली पाहता याव्यात म्हणून पेटी थेट इंटरनेटवर उघडी टाकू नका. २०२२ मध्ये अशा उघड्या पेट्या शोधून त्यांना कुलूप घालणाऱ्या टोळ्यांनी जगभर धुमाकूळ घातला. व्हीपीएन लावून घ्या. कॉम्प्युटरवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि बॅकअप आहे म्हणजे तो परत येतोच, असं नाही. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू असताना कोणीतरी डिलीटची आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फाइली धडाधड नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो परत आणायला गेल्यावर अपुरा निघाला. तंत्र विभागातल्या गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती; तिच्यामुळे सिनेमा वाचला.

तेव्हा नवी पेटी आली, की ऑफिसच्या फाइली टाकण्याआधी तिची परीक्षा घ्या. खण चालू असताना काढता येणारे आहेत ना, याची खात्री करा. एक मोठा व्हिडिओ पेटीवर ठेवा, कॉम्प्युटरवरून तो चालू करा आणि चालता चालता एक डिस्क खणातून ओढून काढा. पेटी कर्कश बीप करू लागेल, दिवा लाल किंवा नारिंगी होईल. व्हिडिओ मात्र फार तर क्षणभर अडखळून पुढे चालू राहील. रेड ५ किंवा ६ असेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचा एक हिस्सा त्या वेळी पेटीत उरलेल्या कुठल्याही डिस्कवर लिहिलेला नसेल. तो तिथल्या तिथे समीकरण सोडवून काढला जात असेल. मग डिस्क परत घाला, रचना पुरी होऊ द्या, आणि बॅकअपवरून एक फोल्डर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवून पाहा. दोन्ही परीक्षांत पास झाली, की किती टीबीचा घ्यायला हवा होता हा वाद खुशाल घाला. जागा कमी पडली तर मोठ्या डिस्क नंतरही टाकता येतात.